घरी वाचून यायचा धडा

गणिताच्या सरांना सगळी शाळा काटकोन म्हणायची. चालताना, बसताना, फळ्यावर लिहिताना त्यांची पाठ कधी वाकायचीच नाही, म्हणून. हे नाव त्यांच्या कानावर होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही, कारण त्यांच्या आधी जे गणित शिकवायचे त्यांना मुलं बटाटा म्हणत. काटकोन सरांच्या तासाला टाचणी पडली तर ऐकू यायची, आणि ती कोणी पाडली हेही सरांना कळायचं.

अशा माणसावर त्या वर्षी एक धडा येऊन कोसळला.

झालं असं, की विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. जाण्याआधी त्यांनी आठवीचा सहामाहीपर्यंतचा अभ्यास संपवत आणला होता, फक्त मानवी प्रजननाचा धडा राहिला होता. तो दरवर्षीच राहायचा. बाई वर्गात येऊन म्हणायच्या, "हा सोपा आहे, घरी वाचून या," आणि थेट पुढच्या धड्यात, ध्वनिलहरींपाशी सुखरूप पोचायच्या. गंमत म्हणजे रजेवर जाण्याआधीचे आठवडे बाई भलंमोठं पोट सांभाळत वर्गात उभ्या राहत होत्या. धडा साक्षात समोर उभा, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायला तयार नाही.

यंदा मात्र मुख्याध्यापिकांनी मनावर घेतलं होतं. सहामाही परीक्षेत आठवीतली एक मुलगी अर्धा पेपर टाकून स्वच्छतागृहात जाऊन बसली होती आणि काही केल्या दार उघडत नव्हती. शेवटी मुख्याध्यापिका स्वतः दाराबाहेर फरशीवर बसल्या, तेव्हा आतून बारीक आवाज आला, "माझ्या आईला बोलवा. मी मरणार आहे." तिला पाळी आली होती. पाळी नावाची गोष्ट जगात असते हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिकांनी तिला समजावलं, कपडे बदलायला दिले, घरी सोडलं, आणि स्वतःच्या घरी गेल्या त्या चांगल्याच चिडून. त्या मुलीवर नाही, स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काटकोन सरांना बोलावलं.

"मी?" सर म्हणाले. "मी गणिताचा आहे."

"पदवी विज्ञानाची आहे. मी कागदपत्रं पाहिली."

"त्याला जमाना झाला, मॅडम."

"तेव्हापासून माणसाच्या शरीरात काही फेरफार झालेला नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शिवाय तुमच्या तासाला कोणी हसत नाही. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर मुलं वर्ग डोक्यावर घेतील."

सरांनी बरीच कारणं दिली. घसा बरा नाही, भूमिती राहिली आहे, ही गोष्ट एखाद्या बाईंनी सांगितलेली बरी. मुख्याध्यापिकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. सर केबिनमधून बाहेर पडले तेव्हा त्यांची पाठ वाकलेली होती, असं शिपायाने पुढे कित्येक दिवस शपथेवर सांगितलं.

सरांच्या बायकोचं औषधांचं दुकान होतं. दुकानावरच घर. रात्रीच्या जेवणाआधी ती लसूण सोलत बसली होती, तेव्हा सरांनी दोनदा खाकरून विषय काढला. तिने हसावं अशी त्यांची अपेक्षा होती. ती हसली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "कोणीतरी शिकवायलाच हवं. अहो, तुमच्याच शाळेतली एक मुलगी दुकानात येते. काउंटरशी उभी राहते, माझ्या मागच्या कपाटाकडे बघते, तेवढ्यात कोणी पुरुष गिऱ्हाईक आलं की म्हणते, काकू, एक टूथब्रश द्या. परवा परत आली, परत टूथब्रश. त्या घरात दातांपेक्षा ब्रश जास्त झाले असतील."

"मग तिला काय हवं असतं?"

बायकोने लसणाची पाकळी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. सरांच्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढं पुरलं.

"आता माझ्यासमोर शिकवून दाखवा," ती म्हणाली. "मी आठवीत आहे असं समजा."

सर उभे राहिले. शर्ट नीट केला. "तर मुलांनो, मानवी शरीरात काही अवयव असतात. हे अवयव ठरावीक ठिकाणी असतात. स्त्रियांची ठिकाणं वेगळी, पुरुषांची ठिकाणं वेगळी."

"ठिकाणं काय? सहल काढताय का?"

"मग काय म्हणू?"

"त्यांना नावं आहेत. पुस्तकात छापलेली आहेत. ती म्हणा."

सरांनी पुस्तक उघडलं. गर्भाशय म्हणताना त्यांचा आवाज बसला, वृषण म्हणताना त्यांनी खिडकी लावून घेतली, आणि योनी म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांना पाणी प्यावंसं वाटलं. ज्या माणसाने अख्ख्या गावाच्या पोरांना वर्गमूळ शिकवलं, त्याच्या तोंडून एक साधा शब्द निघेना. शेवटी बायकोने युक्ती काढली. सरांनी भिंतीकडे तोंड करायचं आणि पाढे म्हणतात तसे सगळे शब्द ओळीने म्हणायचे. भिंतीसमोर जमलं. मग कपाटासमोर. मग बायकोसमोर, पण डोळे मिटून. आठवडाभर रोज संध्याकाळी हा कार्यक्रम चालला. शेजारच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलंच, "सर कसली परीक्षा देताहेत का?"

"हो," बायको म्हणाली. "तोंडी आहे."

एवढ्यात बातमी फुटली. शाळेत आठवीला असलं काहीतरी शिकवणार, हे पालकांच्या मोबाइलवर फिरायला लागलं, आणि फिरता फिरता त्याला शेपट्या फुटल्या. कोणी म्हणालं सिनेमा दाखवणार आहेत, कोणी म्हणालं मुलामुलींना एका बाकावर बसवणार आहेत. शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळेला पंचवीस-तीस पालक फाटकाशी जमले. पुढे होते फर्निचरवाले. बाजारात त्यांचं दोन मजली दुकान, आवाज दणदणीत, आणि लेक आठवीत. शिवाय ते स्वतः याच शाळेत, काटकोन सरांच्याच हाताखाली शिकलेले. म्हणजे बसलेले तरी होते.

"मॅडम, आमची मुलं लहान आहेत," फर्निचरवाले म्हणाले. "त्यांच्या डोक्यात नको ते भरवू नका. वेळ आली की त्यांचं त्यांना कळतं. आम्हाला नाही का कळलं?"

"धडा काय आहे ते तुम्ही पाहिलंय का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"पाहायची गरज काय?"

"मग आज पाहूनच जा. सगळे आठवीच्या वर्गात चला. सर, घ्या तास."

सर पायरीवर उभे होते. त्यांना वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघाड झालाय. पण पालक निघाले होते, भांडायच्या तयारीने आलेल्या माणसांना आयती जागा मिळाली तर ती कोण सोडतं. आठवीच्या बाकांवर मोठी माणसं बसली. कोणाचे गुडघे अडकले, कोणाचं पोट. फर्निचरवाले सवयीने शेवटच्या बाकावर गेले आणि मग आपण कुठे बसलोय हे लक्षात आल्यावर उगाच फळ्याकडे बघायला लागले.

काटकोन सर वर्गात आले. हातात खडू आला आणि तोंडातून आपोआप निघालं, "वह्या काढा."

निम्म्या वर्गाने खरोखर खिसे चाचपले. माणसं हसली, आणि सरांचा जीव थोडा खाली आला.

त्यांनी फळ्यावर माणसाची बाह्यरेषा काढली. "शिकवण्याआधी जरा उजळणी घेऊ," ते म्हणाले. "कोणी पुढे येऊन गर्भाशय कुठे असतं ते दाखवेल का?"

सगळे आपापल्या बाकाकडे बघू लागले. शेवटी सरांनी नाव घ्यावं तसं बोट दाखवलं आणि फर्निचरवाले उठले. खडू घेऊन त्यांनी बराच विचार केला आणि छातीच्या खाली एक ऐसपैस गोल काढला.

"हे जठर आहे," सर म्हणाले. "इथे आपण जेवतो ते जातं."

बायकांच्या रांगेतून हसण्याची एक लाट आली. फर्निचरवाल्यांच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला होता. "दोन मुलं झाली आम्हाला," ती शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तिथून तास सुरू झाला. सरांनी शब्द उच्चारले, एकेक करून, भिंतीसमोर उच्चारले होते तसेच, आणि आभाळ कोसळलं नाही. पाळी का येते, ती आजार नाही आणि विटाळही नाही, मुलांच्या शरीरात काय बदलतं, आवाज का फुटतो, हे सगळं झालं. मग मूल मुलगा होणार की मुलगी हे कसं ठरतं, याच्यापाशी ते आले आणि एकदम खुलले. कारण हा भाग त्यांच्या घरचा होता. हे गणित होतं.

"आईकडून येणारं बीज नेहमी एकाच प्रकारचं असतं," ते म्हणाले. "वडिलांकडून येतं त्याचे दोन प्रकार. यातला कुठला पोचतो त्यावर ठरतं. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. छापा किंवा काटा. आणि आधी तीनदा छापा आला म्हणून चौथ्यांदा काटा यायलाच पाहिजे असं नसतं. नाण्याला मागचं काही आठवत नाही."

खिडकीजवळच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. लेक कामावर होती म्हणून तिच्या जागी आलेल्या. त्यांनी शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

"सर, मला चार मुली. म्हणजे त्यात माझं काही नव्हतं?"

"काही नव्हतं, आजी."

"नाणं ह्यांच्या खिशात होतं?"

"हो."

"माझ्या सासूबाई तर मलाच बदलायला निघाल्या होत्या," आजी म्हणाल्या. "मुलगी पाहूनही आल्या होत्या." वर्गात कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. आजी मात्र हसत होत्या. "आता दोघंही वर गेलेत. नाहीतर आज घरी जाऊन मजा आली असती."

सरांनी फळा पुसला, पुसायची गरज नव्हती तरी.

फर्निचरवाले इतक्यात हार मानणारे नव्हते. "सर, हे सगळं ठीक आहे, विज्ञान आहे. पण मुलांना आत्ताच कळलं तर ती नको ते करून बघतील, त्याचं काय?"

"तुला हे कोणी सांगितलं होतं?" सरांनी विचारलं. जुन्या विद्यार्थ्याला ते अजून अरेतुरेच करत.

"मला? मित्राने."

"त्याला कोणी?"

"त्याच्या मोठ्या भावाने."

"आणि त्याला?"

फर्निचरवाले विचारात पडले. "तो सायकलच्या दुकानात कामाला होता," ते म्हणाले.

"मग त्यातलं खरं किती निघालं?"

"अर्धं." फर्निचरवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. "अर्ध्याच्याही खाली."

या वेळी सगळा वर्ग हसला, पुरुषसुद्धा. सर म्हणाले, "आता तर सायकलच्या दुकानाचीही गरज नाही. मोबाइल आहे. तो सगळं दाखवतो आणि काहीच समजावत नाही. मुलांना नाही म्हणायला शिकवत नाही, आणि समोरच्याने नाही म्हटलं तर थांबायलाही शिकवत नाही. ते मला शिकवायचंय."

जाताना बहुतेक पालक पटलेले होते, काही नुसते दमलेले होते. फर्निचरवाल्यांनी मात्र मुख्याध्यापिकांना बजावलं, "माझ्या मुलीला त्या दिवशी वाचनालयात बसवा. तिला काय सांगायचं ते मी घरी सांगेन." मुख्याध्यापिका हो म्हणाल्या. त्यांच्या मते आईबापांनी घरी सांगितलं तर त्याहून उत्तम काहीच नव्हतं.

सोमवारी धड्याचा दिवस उजाडला. सर वर्गात निघाले तर जिन्यात फर्निचरवाले उभे, शेजारी लेक. ती वडिलांकडे न बघता दप्तराचा पट्टा ओढत होती.

"सर, हिला बसू दे वर्गात."

"का रे? घरी सांगणार होतास ना?"

"सांगितलं." फर्निचरवाल्यांनी आवाज खाली आणला. "मी कपाटाचं उदाहरण घेतलं. आत कप्पे असतात, कुलूप असतं, किल्ली असते वगैरे. गोंधळ झाला. आता ती कपाटाच्या खोलीत जायला तयार नाही."

"बाबा, चला ना तुम्ही," लेक म्हणाली आणि वर्गात पळाली.

आठवीच्या वर्गाला कळलेलं होतं की आज तो धडा आहे. सरांनी धड्याचं नाव फळ्यावर लिहिलं आणि मागून पहिल्यांदा, काटकोन सरांच्या तासाला अगदी पहिल्यांदा, हसू फुटलं. आधी एक दबलेला फुत्कार, मग दुसरा, मग सगळा वर्ग बाकांवर आडवा. मुलांना वाटलं आता खडू येणार. सर घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"हसून घ्या," ते म्हणाले. "माझं घरी आठवडाभर हसं झालंय."

काटकोन सरांचं कोणी हसं करू शकतं, हे ऐकून मुलं इतकी चकित झाली की आपोआप गप्प झाली. मग सरांनी शब्द म्हटले आणि वर्गाने ते त्यांच्यामागून म्हटले, पाढ्यांसारखे, एका सुरात. व्हरांड्यातून जाणारा शिपाई थबकला, आत डोकावला, आणि घंटेची वेळ झाली नसतानाही घंटेकडे निघून गेला. तिसऱ्या फेरीनंतर त्या शब्दांत हसण्यासारखं काही उरलं नाही. ते नुसते शब्द झाले, कोपर आणि घोटा असतात तसे.

धडा संपल्यावर मुलगे वर्गात थांबले आणि मुली शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे सरांची बायको आली होती, दुपारपुरतं दुकान बंद करून. तिने एक टेबल आडवं टाकून काउंटर केला आणि जाहीर केलं, "एकेकीने यायचं आणि सॅनिटरी पॅड मागायचं. मोठ्याने. मला कमी ऐकू येतं असं समजा."

पहिली मुलगी कुजबुजली. दुसरी थोडं बरं बोलली. तिसरी एक उंच मुलगी होती. ती बराच वेळ मागे रेंगाळली आणि पुढे आली तेव्हा ठणकावून म्हणाली, "काकू, पॅडचं पाकीट द्या." काकूंनी तिला ओळखलं, पण टूथब्रशचा विषय काढला नाही. पाकीट उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, वरून काळी पिशवी चढवली आणि तिच्या हातात दिलं.

मुलगी पिशवीकडे बघत राहिली. "काकू, तुम्ही टूथब्रश असा गुंडाळून देत नाही."

काकूंचा हात तसाच राहिला. इतकी वर्षं त्या न विचारता गुंडाळत आल्या होत्या. कोणी सांगितलं होतं, कधी सांगितलं होतं, काही आठवेना. "खरंच की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागद सोडवून बाजूला ठेवला.

इकडे मुलग्यांना आधी तोंड फुटेना आणि फुटलं ते थांबेना. एकाला मिशी कधी येणार याची काळजी होती, दुसऱ्याला ती आत्ताच का आली याची. एकाचा आवाज प्रश्न विचारतानाच दोनदा घसरला, आणि सरांनी सांगितलं की त्यांचाही आवाज असाच एका स्पर्धेत, भर भाषणात फुटला होता आणि परीक्षकांना वाटलं होतं की दोन मुलं बोलताहेत. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ बोटं मोडत बसला होता. तो उभा राहिला.

"सर, एखाद्या मुलीला विचारलं, आणि ती नाही म्हणाली, तर परत किती वेळा विचारायचं?"

कोणी हसलं नाही. बऱ्याच जणांना उत्तर हवं होतं असं दिसलं.

"शून्याला कितीने गुणलं म्हणजे एक येतो?" सरांनी विचारलं.

मुलगा विचार करून म्हणाला, "कितीनेही नाही."

"मग गुणत बसायचं नाही. वाईट वाटेल. वाटू दे. माणसाला वाईट वाटलं म्हणून काही होत नाही, मी स्वतः बघितलंय."

घंटा झाली तरी कोणी उठेना. काटकोन सरांच्या तासाला असं कधीच झालं नव्हतं आणि सरांना ते इतकं गोड वाटलं की त्यांनी पुढचा भूमितीचा तासही देऊन टाकला.

त्या दिवशी घरी जाताना बायको म्हणाली, "छान झालं ना?" सर म्हणाले, "बरं झालं." त्यांच्या भाषेत याच्या वरचा शेरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होते. इतिहासाचे सर उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. चित्रकलेच्या बाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. खेळाचे शिक्षक, ज्यांची शिट्टी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची, ते उगाच बुटाची नाडी बांधत बसले.

"काही नाही हो," इतिहासाचे सर काटकोन सरांजवळ खुर्ची ओढत म्हणाले. "एक शंका होती. म्हणजे माझी नाही. माझ्या एका मित्राची."

"वय काय मित्राचं?"

"माझ्याच एवढा आहे."

काटकोन सरांनी कप खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "विचारा. ज्यांचे ज्यांचे मित्र आहेत त्यांनी खुर्च्या जवळ घ्या."

खोलीभर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.